आप्पासाहेबांच्या गाडीची खुळखुळ

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि आपण लिहिलेलं छापून यावं असं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. वार्षिक अंकासाठी 'एखाद्या ऋतूविषयी लिहा' असं सांगण्यात आलं, तेव्हा वर्गातल्या इतरांनी श्रावण घेतला, वसंत घेतला. मला तसं लिहिता येत नाही. ऋतू म्हटला की मला एक आवाज आठवतो, आणि तो आवाज आठवला की मनात जे येतं ते सुंदर नसतं. ते सुडाचं असतं. अशा लिहिण्याला ललित म्हणावं का, हे मला माहीत नाही. पण दुसरं काही लिहायला बसलो तर ते खोटं होईल, म्हणून हेच लिहितो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आज सकाळी होस्टेलच्या फाटकासमोरचा सायकलवाला आपल्या पंपाला झेंडूची माळ घालत होता. पाने-हातोडे धुऊन त्यानं एका पोत्यावर ओळीनं मांडले होते आणि त्यांना हळदकुंकू लावलं होतं. खंडेनवमी. पाऊस संपलेला, ऊन पुन्हा कडक व्हायला लागलेलं, आणि हवेत झेंडूचा तो उग्र, किंचित कडवट वास. मी हातात तांब्या घेऊन तसाच उभा राहिलो. पुण्यातल्या रस्त्यावरची सायकलींची घंटी, टांग्यांचा आवाज सगळं मागं गेलं आणि कानात ती खुळखुळ सुरू झाली.

आमच्याकडे, शिरूरला, ते दिवस बाजरी काढण्याचे असतात. माळावर तरवडाची पिवळी फुलं असतात, खळ्यावरून उडालेला भुसा अंगाला चावतो, आणि घोड नदीचं पाणी गाळ टाकून निवळायला लागतं. मिशनच्या आवारातल्या आमच्या खोल्यांपुढे चिंचेची जुनी झाडं आहेत. त्या झाडांखाली उभं राहिलं की नगरच्या रस्त्यावरून येणारी प्रत्येक मोटार ऐकू येते. लहानपणी मी डोळे मिटून सांगायचो, ही यष्टी, हा मालट्रक, ही आप्पासाहेबांची गाडी. त्या गाडीचा आवाज ओळखणं सोपं होतं, कारण ती माझे वडील चालवायचे.

आप्पासाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार. नदीकाठची जमीन, दारात बैलांची रांग, सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा. कुणी विलायतेला परत निघालेल्या साहेबानं विकलेली मोटार त्यांनी घेतली, आणि ती चालवायला माझ्या वडिलांना ठेवलं. वडिलांचं नाव याकोब. मिशनच्या दवाखान्याच्या गाडीवर ते गाडी शिकले होते. काळी, लांब, पुढं दोन मोठे डोळे असलेली ती मोटार होती. आत रेक्झिन, पेट्रोल आणि आप्पासाहेबांच्या तंबाखूचा मिळून एक वास असे. बाबा घरी आले की तो वास त्यांच्या सदऱ्याला असायचा. अजूनही कुणाच्या अंगाला तसा वास आला की मी वळून पाहतो.

ती गाडी वाजायला कधी लागली ते नक्की सांगता येत नाही. पहिल्यांदा फक्त खड्ड्यातून जाताना, कुणीतरी पैंजण घालून मागं बसल्यासारखं. मग वळणावर. मग डब्यात जोंधळे हलवल्यासारखं सारखंच. बाबा गाडीखाली आडवे होऊन एकेक बोल्ट आवळायचे, बिजागऱ्यांना ग्रीस द्यायचे, सीट काढून झटकायचे. दोन दिवस बरं वाटायचं, कारण वाटावं अशी इच्छा असायची. मग न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की पुन्हा खुळखुळ.

"गाडीला वय झालं," आई म्हणायची. "माझे गुडघे न्हाई का वाजत?"

"गुडघं तुझं हायेत, त्याचा जबाब कुणी मागत न्हाई," बाबा म्हणायचे. "गाडी मालकाची हाय."

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दौंडला आत्याकडे गेलो होतो. आत्याचे यजमान रेल्वेत होते. सोलापूरकडून एक मोठे अंमलदार येणार होते आणि त्यांना घ्यायला आप्पासाहेब स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर आले. परतताना बाबांनी विचारून मलाही पुढं आपल्याशेजारी बसवलं. मागं दोघं साहेब. पाटसच्या बाजूला तापलेला माळ, रस्त्याला खड्डे, आणि मागं खुळखुळ, खुळखुळ. अंमलदार हसून म्हणाले,

"आप्पासाहेब, घरात तान्हं बाळ आहे वाटतं? गाडीत खुळखुळा ठेवलाय."

आप्पासाहेबही हसले. आणि हसत हसतच म्हणाले, "अहो, आमचा ड्रायव्हर पडला मिशनचा. पूजाअर्चा नाही, काही नाही. नटबोल्ट विकून खातो, मग गाडी वाजणारच!"

अंमलदार मोठ्यानं हसले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. कानाची पाळी तेवढी लाल झाली होती. एका हातानं त्यांनी गिअर बदलला, इतका हळू की जणू झोपलेल्या माणसाला उठवायचं नव्हतं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरलो असतो. पण मोठ्या माणसाची थट्टा खाली पडत नाही, कुणीतरी उचलून घेतोच. अंमलदारांनी ती जेवताना पुन्हा सांगितली. वाढणाऱ्यांनी ऐकली. सकाळी मोटारस्टँडवर पानवाल्यानं बाबांना विचारलं, "याकोबा, बोल्टाचा काय भाव चाललाय?" आणि आप्पासाहेब, जे एकदा बोलून गेले होते, ते आता मागं कसे येणार? त्यांनी बाबांना ओट्यापाशी बोलावलं. मी फाटकात होतो.

"लोकं काय म्हणतात ऐकलंस ना?"

"लोकं म्हणत न्हाईत मालक. तुम्ही म्हणालात."

"मग मी खोटं बोलतो?"

बाबांनी गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली. आवाज न करता ठेवली. आणि आम्ही घरी चालत आलो. वाटेत ते एकच बोलले, "तू कॉलेजला जातोस. कुणी विचारलं, तुझा बाप काय करतो, तर काय सांगशील आता?"

मला ड्रायव्हरकी गेल्याचं दुःख नव्हतं. नोकऱ्या येतात, जातात. पण शिरूरला, तळेगाव ढमढेऱ्याला, जिथं म्हणून कुणाकडे मोटार होती तिथं बाबांच्या आधी ती थट्टा पोचलेली असायची. कुणी नाही म्हणायचं नाही. चहा द्यायचे आणि हसायचे. शेवटी बाबा दौंडला आत्याकडे राहायला गेले, आणि स्टेशनमागं करीमचाचांच्या गॅरेजमध्ये मिळेल ते काम करू लागले.

आता खरं लिहायचं तर लिहितोच. त्या दिवसांत मी आप्पासाहेबांचं वाईट चिंतलं, आणि मन लावून चिंतलं. रविवारी देवळात पाळकसाहेब क्षमेबद्दल बोलायचे. मी इतरांबरोबर आमेन म्हणायचो आणि मनात त्यांच्या पेट्रोलच्या टाकीत साखर ओतायचो. टायरला खिळे मारायचो. त्यांच्या विहिरीचा पंप बंद पाडायचो. मला यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. मी भित्रा आहे, वर्गात प्रश्न विचारायचा तरी माझा हात अर्ध्यावर येतो. पण एक सुख होतं. बाबा गेले तरी गाडी वाजतच होती. नवा ड्रायव्हर सदू, आप्पासाहेबांच्या नात्यातलाच, रोज पूजा करून गाडी बाहेर काढायचा आणि ती चिंचेच्या झाडांपुढून खुळखुळत जायची. तो आवाज ऐकला की मला भाकरी गोड लागायची. आई ताटावरून बघायची आणि म्हणायची, "हसतोस काय रं एकटाच?"

सहामाही सुट्टी लागली तसा मी दौंडला बाबांकडे गेलो. दसरा चार-दोन दिवसांवर होता. एका सकाळी गॅरेजच्या दारात ती काळी गाडी उभी राहिली. सदू उतरला. बाबांना पाहून तो चपापला, मग करीमचाचांना म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, दसऱ्याच्या आत हा आवाज बंद झाला पाहिजे. पुण्याच्या मिस्त्रींनीबी हात टेकले." आणि पाहुण्यांकडे जेवायला निघून गेला.

करीमचाचांनी बाबांकडे पाहिलं. "याकोबभाई, तुम्हारी पुरानी दुश्मन आयी है. देखोगे?"

बाबांनी हात पुसले. "बघतो."

खुळखुळ शोधणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकलो. आवाज जिथं ऐकू येतो तिथं नसतो. पत्रा त्याला उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. म्हणून एकेक वस्तू गप्प करायची आणि गाडी फिरवून आणायची. आधी जॅक आणि पाने काढले, पाटसच्या रस्त्याला एक चक्कर मारली. वाजतेच. मग मागचं जादा चाक उतरवलं. वाजतेच. नंबरची पाटी सुतळीनं बांधली, बॉनेटच्या कडेला चिंध्या कोंबल्या, मागची सीटच काढून ठेवली. मी मागं उघड्या पत्र्यावर बसलो होतो. रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं टोक हातात घेऊन कधी टपाला, कधी तळाला लावत होतो. टपाला लावलं की वाटे वर आहे, तळाला लावलं की वाटे खाली. ऊन चढलं, घामात धूळ बसली. मला दिसत होतं, बाबा मालकाची गाडी दुरुस्त करत नव्हते. ते आपला गेलेला शब्द शोधत होते.

गाडी गॅरेजमध्ये आणून उभी केली. मी उतरायला मागचं डावं दार ढकललं, आणि इंजिन बंद असताना, गाडी जागेवर उभी असताना, ते वाजलं.

बाबांनी मान वर केली. "पुन्यांदा ढकल."

खुळखुळ.

दाराच्या आतला पुठ्ठा काढला तर पसाभर वस्तू त्यांच्या पायावर सांडल्या. सुपाऱ्या. हळकुंडं. खारका, वाळून लाकूड झालेल्या. बदाम, भोकाचे पैसे, हिरव्या बांगड्यांचे तुकडे, आणि तळाला गव्हाचा थर, काही दाणे कधीतरी पावसात मोड येऊन तिथंच वाळलेले. हळदीनं आतला सगळा पत्रा पिवळा झाला होता.

करीमचाचा खाली बसले आणि हसत सुटले. "या अल्ला! ये गाडी है या दुल्हन?"

ओटी होती ती. दाराची काच ज्या फटीतून खाली जाते, त्या फटीतून कुणीतरी वर्षानुवर्षं गाडीची ओटी भरली होती. आणि कुणी, ते सांगायची गरज नव्हती. घरात नवं काही आलं की आप्पासाहेबांच्या बाईसाहेब त्याची ओटी भरायच्या, मग ती गाय असो की शिवणाचं मशीन. मोटारीला पदर नाही, म्हणून त्यांनी ती फट धरली असणार.

"तरीच," बाबा म्हणाले. "खंडेनवमीला मला सुट्टी. मालक सोता म्हणायचे, याकोबा, तुमच्यात हे चालत न्हाई, उद्या तू येऊ नगंस. मला वाटायचं, किती जाण हाय मानसाला."

मी तर नाचायचाच बाकी होतो. "बाबा, हे सगळं फडक्यात बांधू. आत्ताच्या आत्ता शिरूरला जाऊ आणि चावडीवर ओतू. सगळ्यांसमोर. म्हणू, हे घ्या तुमचे नटबोल्ट!"

बाबा उकिडवे बसून एकेक सुपारी उचलत होते. फुंकर मारून धूळ उडवायचे आणि परत दारात टाकायचे. मला आधी कळलंच नाही ते काय करताहेत.

"बाबा!"

"बाईमानसाची ओटी हाय. परक्यानं रिकामी करू नये."

"पण मग गाडी वाजत राहील."

"वाजू दे की," बाबा म्हणाले, आणि त्या वर्षात पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले. "जलमभर वाजू दे."

करीमचाचांचं हसू थांबलं. "अरे, पर मेरा नाम खराब होगा, याकोबभाई."

"एका गाडीनं तुमचं नाव जात न्हाई, चाचा. माझं गेलं."

चाचांनी स्वतःच पुठ्ठा दारावर धरला. संध्याकाळी सदू आला तेव्हा त्याला सांगितलं, जुनी गाडी आहे, घेऊन जा. ती स्टेशनच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा आवाज आमच्यापर्यंत आला. बाबा बिडी ओढत ऐकत होते, पेटीवाला सूर ऐकतो तसे.

पण माझं समाधान झालं नाही. बाबांचा सूड त्यांच्यापुरता होता. मला तो चारचौघांत हवा होता. खंडेनवमीला मी यष्टीनं शिरूरला गेलो आणि आप्पासाहेबांच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. आत सोसायटीची माणसं, गडी, बायका, सगळे जमले होते. गाडी धुऊन पुसून फाटकाला लागूनच उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. सदू बाजूला खाली मान घालून उभा होता. बाईसाहेब सूप घेऊन आल्या. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, आणि एका म्हाताऱ्या पाहुणीला हसून म्हणाल्या,

"लेकच आहे हो ही माझी. सासरी गेल्यासारखी दौंडला जाते, माहेरी आल्यासारखी परत येते. लेकीला रिकाम्या ओटीनं धाडायचं नसतं."

त्या इतक्या साध्या मनानं बोलल्या की माझा राग त्यांच्यावर ठरेना. मग त्यांनी मूठ भरली. आणि मागचं डावं दार त्यांच्यासाठी कुणी उघडून धरलं होतं? आप्पासाहेबांनी. डोक्याला फेटा, कपाळाला टिळा, एका हातानं दार धरून ते उभे होते. सुपारी फटीतून आत गेली, पत्र्यावर आपटली. आप्पासाहेब वाकून हळूच म्हणाले,

"जरा बेतानं सोड गं. मग आवाज होतो."

मी ते ऐकलं. मी आजही ते ऐकतो. त्या माणसाला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं; मिस्त्रींकडे गाडी धाडायची ती नुसती लोकांना दाखवायला. मोठ्या साहेबासमोर आपल्या बायकोच्या सुपाऱ्या वाजतात, हे सांगायची लाज वाटली, म्हणून हाताशी जे सापडलं ते त्यांनी त्या लाजेवर पांघरलं. हाताशी माझ्या वडिलांचं नाव सापडलं. साहेब परत गेले, लाज संपली, पण नाव काही त्यांनी परत केलं नाही.

"कसला आवाज, आप्पासाहेब?" मी म्हणालो.

मला वाटलं होतं मी ओरडेन. प्रत्यक्षात शब्द जेमतेम फाटकापलीकडे पोचले. पण ते त्यांच्यापर्यंत पोचले, आणि सदूपर्यंतही. सदूनं मान वर केली. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग मालकाकडे.

"कोण रे तू?" आप्पासाहेब म्हणाले.

"याकोबचा मुलगा."

"मग इथं काय काम? हे तुमच्यातलं नाही."

कुणीतरी हसलं. बाईसाहेब मला हाक मारत होत्या, "अरे, प्रसाद तरी घेऊन जा," पण मी वळलो होतो. जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच बोललो नव्हतो. तेवढा एकच प्रश्न.

ती सुट्टी तशीच गेली. मी पुण्याला आलो, पुस्तकात डोकं घातलं. पण तर्कशास्त्राच्या पेपराला बसलो तरी मी त्या फाटकाशीच उभा असायचो आणि आप्पासाहेबांना नवी नवी उत्तरं द्यायचो. माझी सगळी चांगली वाक्यं त्या काळात तिथं खर्च झाली. मित्र म्हणतात, सुडानं माणूस जळतो. असेल. माझा अनुभव वेगळा आहे. मी पहाटे उठायचो ते त्याच्या जोरावर. पास झालो तेव्हाही पहिला विचार मनात आला तो असा, की हे त्यांच्या कानावर जायला हवं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. दिवाळी होताच सदूनं गाडी सोडली. मालकांना ओटीचं ठाऊक असूनही आपल्याला गॅरेज-गॅरेज कसं फिरवलं, ते त्यानं मोटारस्टँडवर बसून सांगितलं, आणि ते ऐकायला लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा चहा पाजला. त्यानंतर आमच्या भागातला कुणी ड्रायव्हर त्या गाडीवर टिकेना. थट्टा घरातून निघताना जशी पळाली होती, तशीच ती आता परत घराकडे पळत होती. तरी बाबांचं नाव काही कुणी उचलून त्यांच्या हातात दिलं नाही. लोक आप्पासाहेबांना हसत होते खरे, पण बाबांना बोलावत नव्हते. हसण्यानं कुणाचं देणं फिटत नाही.

आज दुपारी, हे लिहीत असतानाच, आमच्या शेजारच्या मार्थामावशी होस्टेलवर आल्या. त्या दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला आल्या होत्या आणि काल दौंडला आत्याकडे उतरल्या होत्या. फाटकापाशीच त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बस आधी. तुझ्या बापाची बातमी हाय."

मी पायरीवर बसलो.

आप्पासाहेबांनी गाडी विकायला काढली होती. गिऱ्हाईक पाटसचं, तात्या म्हणून एक म्हातारे बागायतदार. व्यवहार ठरत आला, आणि तात्या अडून बसले. म्हणाले, गाडी याकोबनं चालवलेली आहे ना, मग याकोब सांगेल तर घेतो. आप्पासाहेबांनी नाही नाही ते सांगून पाहिलं. तात्या हलेनात. शेवटी काल सकाळी आप्पासाहेब स्वतः गाडी आणि गिऱ्हाईक घेऊन करीमचाचांच्या गॅरेजपुढे आले. स्टँडवरची सगळी माणसं गोळा झाली. मावशीही आत्याबरोबर तिथं उभ्या होत्या.

बाबा गाडीत बसले, एक चक्कर मारून आले, उतरले.

"इंजीन चांगलं हाय," ते तात्यांना म्हणाले. "ब्रेकबी चांगलं हायेत. खुशाल घ्या."

"आन् दार हालवलं की हाताला हादरतंय ते काय?" तात्यांनी विचारलं.

"ते मालक सांगतील."

आप्पासाहेब इकडं तिकडं बघायला लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या मंडळींनी दारात ओटी भरलीय. तिच्या सुपाऱ्या आहेत."

"आन् नटबोल्ट?" बाबांनी विचारलं.

मावशी म्हणाल्या, तेवढ्यात मालधक्क्यावर इंजिनाची शिट्टी झाली.

"सगळे जागेवर आहेत," आप्पासाहेब पुटपुटले. "याकोबनं कधी एक काढला नाही."

बाबांनी खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, "जरा मोठ्यानं सांगा मालक. तात्यांना कमी ऐकू येतं."

आणि आप्पासाहेबांनी ते पुन्हा सांगितलं.